मागे सरकवलेला ठोकळा

मेणाचे ठोकळे कापून कापून माझी पाठ कामातून गेली आहे. किन्शासातल्या या प्रयोगशाळेत तीस वर्षं मी हेच करतो. रोग्याच्या शरीरातून काढलेला तुकडा मेणात बसवायचा आणि त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे. यंदा डॉक्टर त्शिबांगूबाईंना जुने ठोकळे हवे होते, अगदी अठ्ठावन्न सालापासूनचे. एड्सने जगभरातली कोट्यवधी माणसं नेली. तो आमच्या शहरात नेमका कधीपासून ठाण मांडून होता, हे त्यांना शोधायचं होतं. कोठारात ओल, वाळवी, उंदरांच्या लेंड्या. आठशे ठोकळे कापून झाले, हाती शून्य. बाई आताशा माझ्याशी भांडतही नव्हत्या, एवढ्या थकल्या होत्या.

मग ठोकळ्यांच्या नोंदवहीत सहासष्ट सालच्या पानावर नाव दिसलं. माकिएसे, वय बावीस, मानेतली गाठ. माझी थोरली बहीण.

दीड वर्ष झिजून ती गेली. औषध लागू पडेना, तेव्हा घरातली मोठी माणसं बसली आणि ठरलं, की लुझोलोमावशीने करणी करून भाचीला खाल्लं. मावशीला मूलबाळ नव्हतं, तोंडाने फटकळ होती. तिच्यावर ढकलणं सोपं गेलं. तिचं बोचकं उंबऱ्याबाहेर फेकणारा मीच. चौदा वर्षांचा होतो, अक्कल नव्हती, असं मी स्वतःला सांगत आलो. तेव्हापासून आमच्यातलं कुणी तिच्या हातचं पाणीसुद्धा प्यायलं नाही.

त्या गाठीत विषाणू निघाला, तर मावशी निर्दोष. नाही निघाला, तर निदान आम्ही चुकलो असं कुणी दाखवणार नव्हतं. खरं सांगतो, मला तेच सोयीचं वाटत होतं. मी तो ठोकळा रांगेत मागे सरकवत राहिलो.

"पापा न्लांडू," बाई एक दिवस म्हणाल्या (वयाने मोठ्या पुरुषाला आमच्याकडे पापाच म्हणतात), "हा तिसऱ्यांदा मागे गेलाय. नवरी आहे का ती, पुढे यायला लाजतेय?"

"मेण ठिसूळ झालंय, बाई."

"झालं तर झालं. आपण दोघं तरी कुठे धड राहिलोय? कापा."

मी कापला. काप नीट आले. ते तपासणीला परदेशी गेले आणि चार महिन्यांनी कागद आला.

"सापडला," बाई म्हणाल्या. आनंद करायचंही त्राण नव्हतं. चपला काढून स्टुलावर बसल्या. "आठशेच्या वर ठोकळ्यांत हा एकटा."

"ती माझी बहीण, बाई."

बाईंनी नोंदवही ओढून सहासष्टचं पान काढलं. मग म्हणाल्या, "म्हणून मागे सरकवत होतात."

रविवारी मी न्गाबाच्या बाजारात गेलो. मावशी फाटक्या छत्रीखाली पानात गुंडाळलेल्या कसाव्याच्या उकडलेल्या लाद्या, म्हणजे क्वांगा, विकत बसली होती. सत्तरी उलटलेली, पण नजर तीच.

"कोण, न्लांडू? कोण मेलं?"

"कुणी नाही, मावशी."

"मग वाट चुकलास की काय?"

मी सगळं सांगितलं. गाठ, मेण, विषाणू, कागद. ती क्वांगा रचत ऐकत होती.

"म्हणजे मी नाही."

"नाही, मावशी."

"ते मला तेव्हाच ठाऊक होतं, बाबा. तुम्हाला कळायला चाळीस वर्षं आणि मशीन लागलं होय?"

"माफ कर, मावशी."

"तुझ्या आईला हे ऐकायला हवं होतं." थोडं थांबून म्हणाली, "तिच्या मातीलाही येऊ दिलं नाहीत मला."

मला मान वर करवेना. लाज वाटत होती आणि दमलोही होतो. तिने एक क्वांगा सोडली, तुकडा मोडून पुढे केला. "खा. तोंड बघ कसं सुकलंय."

कागद खिशात होता. काप माझ्याच हाताने काढलेले होते. तरी माझा हात गुडघ्यावरून हलला नाही. क्षणभरच, पण मावशीने पाहिलं.

तिने त्या तुकड्याचा एक घास आधी स्वतः तोडला, चावून गिळला, मग उरलेला माझ्या हातात दिला. अनोळखी पाहुण्याच्या मनात विषाची शंका राहू नये म्हणून आमच्याकडे असं देतात.

मी मान खाली घालून खाल्ला.