बेचाळीस शून्यं

माझी ताई, शीतल, विद्यापीठात पर्यावरणाचा असा कोर्स करते की तिच्या वर्गात वकील आहेत, केमिस्ट्रीवाले आहेत, संस्कृतात बीए केलेली एक मुलगी आहे, आणि ताई स्वतः बीकॉम. मी विचारलं, "मग तुम्हाला शिकवतात तरी काय?" ती म्हणाली, "एकमेकांचं ऐकून घ्यायला." आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "ते आम्ही सासरी फुकटात शिकलो."

ह्या सत्रात ताईचा आणि परेशदादाचा प्रोजेक्ट होता: कांजूरमार्गच्या खाडीकाठच्या कचरा डम्पिंगचा वास आमच्या बिल्डिंगपर्यंत कधी येतो. परेशदादा खारदांड्याच्या कोळीवाड्यातला, केमिस्ट्रीवाला. त्याने आमच्या गच्चीवर वाऱ्याची दिशा टिपणारं यंत्र बसवलं. पण वास टिपायला नाक लागतं, आणि ताईचं नाक सायनसमुळे बारा महिने बंद.

"माझं घे," मी म्हटलं. मी नववीत आहे, पण गेल्या महिन्यात वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले, तेव्हापासून मी कुठल्याच कामाला घाबरत नाही.

एकवीस दिवस, सकाळी सात आणि संध्याकाळी सहा, गच्चीवर जायचं, खोल श्वास घ्यायचा आणि वहीत शून्य ते पाच यांतला एक आकडा लिहायचा. मी एकदाही चुकवलं नाही. एका रविवारी तर मामाच्या साखरपुड्यातून उठून आले.

प्रोजेक्ट सादर करायच्या आदल्या दिवशी दुपारी परेशदादा आला तो नाकाला रुमाल लावूनच. त्याने वही उघडली. शून्य, शून्य, शून्य. शेवटच्या पानापर्यंत बेचाळीस.

"रश्मी, तू गच्चीवर गेलीस तरी का?"

"वॉचमनकाकांना विचार."

"अगं, आत्ता माझ्या डोळ्यांतून पाणी येतंय."

"मग डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा ना."

ताईने वही ओढून स्वतः पानं उलटली. त्यांना प्रोजेक्ट देणाऱ्या मृणालिनी मॅडमनी बजावलं होतं, नोंदी नाहीत तर प्रोजेक्ट नाही, आणि प्रोजेक्ट नाही तर अख्खं सत्र पुन्हा. परेशदादा हळूच म्हणाला, "खाडीकडून वारा होता त्या त्या दिवशी चार लिहू. कोणाला कळतंय?"

"मला. मी न घेतलेला वास माझ्या वहीत नाही चालणार."

"वाट लागली," ताई म्हणाली.

शेवटी काहीतरी करायचं म्हणून परेशदादाने सॅकमधून आमच्या आईसाठी आणलेला सुका जवळा काढला.

"हा तर तू जिन्यात होतास तेव्हाच कळला मला," मी म्हटलं.

"शक्यच नाही. तीन पिशव्यांत बांधलाय."

"आज अख्खा मजला येईल आमच्याकडे जेवायला."

त्याने पुडकं नाकाला लावलं. "नाही येत यार."

ताई एकदम उठली. "तुमच्या अंगणात वाळतो ना हा? लहानपणापासून?" मग माझ्याकडे वळली. "आणि तू कुठे वाढलीस, रश्मी?"

ह्याच बिल्डिंगमध्ये. मुलुंडची मावशी आली की नाकाला पदर लावते. आम्हाला वाटायचं, नखरे.

म्हणजे आता नवीन नाक पाहिजे होतं. ते तिसऱ्या मजल्यावर होतं. नमितावहिनी, लग्न होऊन महिन्याभरापूर्वी साताऱ्याहून आलेल्या. खिडक्या कायम बंद, कोणात मिसळणं नाही. आई म्हणायची, शिष्ट आहे.

वहिनींनी दार जेमतेम उघडलं. ताईने उंबऱ्यातूनच सगळं समजावलं. त्या ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे तो वास बाहेरचा आहे?"

"हो."

"मला वाटलं माझी मोरी. रोज घासतेय. म्हणून तर कोणाला घरी बोलावलं नाही. तुम्ही कोणी काही बोलतच नव्हतात."

मी लगेच सॉरी म्हटलं. माझ्या बाबतीत हे सहसा होत नाही.

परेशदादाने विचारलं, "कुठल्या दिवशी आला ते आठवतं?" वहिनींनी फोन काढला. वास आला की त्या नवऱ्याला मेसेज टाकायच्या: येताना फिनेल आणा. आमच्या एकवीस दिवसांत असे अकरा मेसेज, तारीख-वेळेसकट. परेशदादाने वाऱ्याच्या नोंदी शेजारी धरल्या. त्यातले नऊ दिवस वारा खाडीकडचा.

"आणि उरलेले दोन?"

"तेव्हा मोरी खरंच तुंबली होती," वहिनी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ताईने मलाही वर्गात नेलं. पडद्यावर दोन रकाने, एकात माझी शून्यं, दुसऱ्यात फिनेल. मृणालिनी मॅडमनी विचारलं, "ह्यातलं चूक कोणतं?"

ताईच्या आधी मी उभी राहिले. "दोन्ही बरोबर, मॅडम. वहिनींना महिना झालाय, मला चौदा वर्षं."

मॅडम हसल्या नाहीत. "मग नाक कितव्या वर्षी गप्प बसतं?"

ते आम्हाला माहीत नव्हतं, आणि ताईने तसं सरळ सांगितलं. मॅडमनी वहीवर सही केली. "पास. पुढच्या सत्रात हेच शोधा. आणि हिला सोबत ठेवा."

संध्याकाळी नमितावहिनींनी सगळ्यांना चहाला बोलावलं. पोहे झकास होते. वहिनी आईला म्हणाल्या, "काकू, वासाचं तुम्ही तरी पहिल्या दिवशी सांगायचं होतं."

आईने बशी खाली ठेवली, चारही दिशांना नाक फिरवलं आणि अगदी मनापासून विचारलं, "कसला गं वास?"