आप्पांची पितळी घंटी

आप्पांची आठवण येते ती आधी कानाला. औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या उंच खिडकीतून बेळगावचं थंडीतलं फिकट ऊन टेबलावर उतरलेलं, पिंजऱ्यात पांढरा उंदीर, आणि आप्पांच्या बोटांतल्या पितळी घंटीचा तो बारीक, नितळ नाद. घंटीमागून जाळीत विजेचा झटका येई, म्हणून शिकलेला उंदीर नाद ऐकताच लाकडी खांबावर चढून बसे. मग आप्पा त्याला मनोविकारावरचं औषध टोचत. आता घंटी वाजली तरी तो खालीच राही. झटका बसला की मात्र चढे. पाय शाबूत, कान शाबूत. "भीती तेवढी गेली बघा," आप्पा वर्गाकडे वळून म्हणत, आणि त्यांचा सावळा, रुंद चेहरा उजळून निघे. सत्तरच्या दशकातल्या त्या वर्गात मी, त्यांची मुलगी, मागच्या बाकावर बसत असे.

त्या उजेडाचं कारण निपाणीत होतं. तिथे त्यांची थोरली बहीण, आमची आक्का. विड्या वळून तिनं भावाला डॉक्टर केलं, आणि चाळिशीत तिला कुणालाच न दिसणारं कुणीतरी हाका मारू लागलं. ऐन दुपारी ती तंबाखूच्या वाळवणातून अनवाणी धावत सुटे. साखळीनं बांधा, लोक म्हणाले. आप्पांनी त्याच औषधाच्या गोळ्या आणल्या. हाका थांबल्या. औषधावर त्यांची श्रद्धा जडली ती अशी, आणि ती मला आजही खोटी वाटत नाही.

पुढे आक्काची बोटं हलू लागली. अंगठा तर्जनीवर फिरत राही, संथ, अखंड, मांडीवर विड्यांचं सूप नसताना. निपाणीच्या गल्लीला त्यात नवल ते काय. शेजारणी कौतुकानं म्हणाल्या, "आक्काचं हात इड्या वळाय लागलं. बरी झाली की." आणि हाच कंप औषधाचा दुष्परिणाम म्हणून जो माणूस फळ्यावर लिहीत असे, त्यानंही ते गोड मानून घेतलं. बहीण बरी व्हायला हवी होती ना. मायेची झापड आली की शिकलेलाही अडाणीच. गोळ्या तशाच चालू राहिल्या.

एका रविवारी आम्ही गेलो तेव्हा चुलीवरचं दूध उतू जात होतं आणि आक्का समोर बसून बघत होती. करपट वास घरभर झाला. आप्पांनी धावत जाऊन भांडं उतरवलं.

"दिसलं न्हाय व्हय गं आक्का?"

"दिसतंय की रं," ती सावकाश म्हणाली. "उठावं असं वाटतच न्हाय. कशाचंच काय वाटत न्हाय."

खांबाखालचा उंदीर आप्पांनी तिच्यात ओळखला.

गोळ्या कमी केल्या. बोटं थांबली, हाका परतल्या. या दोहोंच्या मधे आक्काला सुखानं बसता येईल अशी जागा त्यांना सापडली नाही. "असू दे रं, कुणीतरी बोलतंय तरी," ती म्हणे. एका उन्हाळ्यात ती हाकेमागे गेली, ती आलीच नाही.

त्यानंतर वर्गात घंटी वाजली, पण आप्पांचं वाक्य बदललं. "भीती गेली का इच्छा गेली, हे उंदीर सांगणार नाही. माणूस सांगतो. त्याला विचारा." मुलं ते लिहून घेत नसत, परीक्षेत येत नसे.

आप्पाही गेले. तोच विषय आता मी शिकवते. घंटी टेबलावर असते, वाजवत नाही. काळ सगळं शांत करतो म्हणतात. पण त्या शांततेत काही वाटतं का, हे ज्याला विचारायचं त्यालाच तो मागे ठेवत नाही.