सगळेच सरासरीच्या वर

संस्थेचे नवे सचिव अजिनाथदादा पुण्याच्या दोन दिवसांच्या शिबिराला जाऊन आले आणि येताना लॅपटॉपात स्तंभालेख घेऊन आले. लगोलग संस्थेच्या सातही शाळांचे मुख्याध्यापक आणि गणिताचे शिक्षक केजला बोलावले गेले. पडद्यावर रंगीत खांब उभे राहिले. त्यातल्या बुटक्या खांबांवर दादांनी काठी आपटली.

"निम्मी पोरं सरासरीच्या खाली! लाज वाटाया पाहिजे. मार्चपर्यंत मला एकूण एक पोरगं सरासरीच्या वर पाहिजे."

चौदापैकी तेरा जणांनी माना डोलावत ते वहीत उतरवून घेतलं. उरल्या वनमालाबाई. बावीस वर्षं नववी-दहावीला गणित शिकवत आलेल्या बाई उठून उभ्या राहिल्या.

"दादा, सगळे वर जाऊच शकत न्हाईत. सरासरी त्यांच्याच गुणांतून निघती."

"मॅडम, तुमचा विचारच निगेटिव्ह हाय," दादा म्हणाले. तेरा जण हसले. त्यांत तिघं गणितात एम.एस्सी. झालेले होते. बाईंना दादांपेक्षा त्या तिघांचीच जास्त किळस आली. दादांना कळत नव्हतं. यांना कळत होतं आणि तरी ते दात काढत होते.

दुसऱ्या दिवशी नववीत सांख्यिकीचा धडा होता. बाईंनी फळ्यावर लिहिलं : असे पाच गुण शोधा, की पाचही त्यांच्या सरासरीपेक्षा जास्त असतील. वर्ग कामाला लागला. तास संपत आला तरी आकडे जुळेनात. शेवटी संस्कृती नावाची मागच्या बाकावरची पोरगी वैतागून म्हणाली, "मॅडम, हे होतच न्हाई. कावून दिलं मग?"

"न्हाई होत, ते सिद्ध कर," बाई म्हणाल्या.

आठवड्यानं दादा पाहणीला आले. सोबत दोन गाड्या, फोटोवाला आणि पुढंपुढं करणारे मुख्याध्यापक आश्रुबा सर. नववीत शिरताच दादांनी विचारलं, "काय, येणार का सगळे सरासरीच्या वर?"

"न्हाई," संस्कृती म्हणाली.

आश्रुबा सरांचा चेहरा पडला. दादा मात्र खुशीत होते. "ये पुढं. कावून न्हाई?"

तिनं खडू घेतला. "तुमीच सांगा तिघांचे गुण."

"चाळीस, पन्नास, साठ."

"सरासरी पन्नास. चाळीसवाला खाली. आता?"

"प्रत्येकाला वीस वाढव. हाय काय त्यात!"

"साठ, सत्तर, ऐंशी. सरासरी सत्तर. साठवाला खालीच." मग तिनं गुणांना अ, ब, क म्हटलं आणि सरासरीला म. "तिघंबी म पेक्षा मोठे धरले, तर बेरीज तीन म पेक्षा मोठी येती. पण सरासरी म हाय म्हणजे बेरीज बरोबर तीन म. एकच बेरीज तीन म बी आणि त्याच्याहून मोठीबी कशी आसंल?"

वर्गात कुणीतरी खुदकन हसलं. दादांनी फळ्यावरच्या म वर बोट टेकवलं. मग त्यांचा चेहरा उजळला.

"आरं, मग सरासरीच खाली आणा ना!"

आश्रुबा सरांनी टाळ्या वाजवल्या. फोटोवाल्यानं फोटो काढला. वनमालाबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. आत पाहिलं असतं तर त्यांना हसू आवरलं नसतं.

गाड्या गेल्यावर संस्कृतीनं विचारलं, "मॅडम, हे नववी पास हायत का?"

"झाले असतील. कुणीतरी सही केलीच आसंल की."

मार्चात अहवाल गेले. सहा शाळांनी शंभर टक्के मुलं सरासरीच्या वर असल्याचं लिहून दिलं. आश्रुबा सरांनीही तसाच कागद बाईंपुढं सरकवला. "करून टाका सही, कोण मोजायला बसलंय?"

"मी बसलेय," असं म्हणून बाईंनी त्यावर एक रेघ मारली आणि खाली लिहिलं : एक्केचाळीसपैकी तेवीस. सातांत त्यांची शाळा शेवटची आली. जूनमध्ये त्यांच्याकडून गणित काढून घेतलं, पाचवीची चित्रकला दिली, आणि नववी-दहावीचं गणित खेळाच्या सरांकडं गेलं. ते सर बीजगणिताच्या तासाला कवायत घेऊ लागले.

आधी वाईट वाटलं. मग बाईंना त्या माणसांपायी वाईट वाटून घेणंही जास्तीचं वाटू लागलं. मधल्या सुट्टीत चित्रकलेच्या खोलीत डबे उघडायचे; संस्कृती आणि आणखी अकरा पोरं दहावीचं पुस्तक घेऊन यायची. त्या आठवड्यात दोन चलांतली समीकरणं चालू होती, आणि आलेखाच्या कागदावर दोन रेषा कुठं छेदतात यावरून भांडण जुंपलं होतं.