देवमाशाच्या नात्यातले हाड

मित्रांनो, मी बोकडाच्या मागच्या पायातले, घोट्याचे एक जुने हाड आहे. कालपर्यंत मी नामपल्लीला मुकुंदरावांच्या टेबलावर एका पत्रावर बसून होतो. पत्र ईशाचे होते, आणि मुकुंदरावांनी त्याला उत्तरच दिले नव्हते.

माझी हकिगत साधी आहे. मुकुंदरावांचे स्नेही हिम्मतराव यांच्या घरी जेवणावळीत मी पायाच्या रश्श्यात होतो. चोखून टाकले असते की संपले माझे! पण प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या मुकुंदरावांनी मला हळूच रुमालात गुंडाळून खिशात टाकले. त्यांच्या पत्नी मालतीबाईंना मी धुवायच्या सदऱ्यात सापडलो, तेव्हा आता उष्टीही घरी आणता का, असे त्यांनी विचारले. तरी मला उकळून स्वच्छ केले ते त्यांनीच. दोघांचे उपकार मी विसरलेलो नाही.

मग त्यांच्या वर्गात मला शेजारी मिळाला: चार पायांच्या प्राचीन देवमाशाच्या घोट्याचा प्लास्टरचा ठसा. मूळ हाड कोट्यवधी वर्षांपूर्वीचे, दगड झालेले. तरी आम्हा दोघांच्या दोन्ही टोकांना रहाटाच्या कप्पीसारखी खाच अगदी सारखी; आमच्या नात्याची तीच खूण. मुकुंदराव वर्गात सांगत, की काही माशांच्या परांत हाडे भक्कम झाली आणि त्यांच्या वंशातून बेडकांचे पूर्वज जमिनीवर आले. देवमाशांचे पूर्वज मात्र जमिनीवरून पुन्हा पाण्यात गेले. मुले आम्हाला हातोहात फिरवत. किती कोवळे हात लागले मला!

ते निवृत्त झाले आणि आम्ही घरच्या टेबलावर आलो. खालच्या मजल्यावर ईशा तिच्या आईबरोबर, प्रियाबरोबर राहायची. तिला त्यांनी एकदा घाईत सांगितले, देवमासा शेळीच्या नात्यातला. ती पुण्याला गेली आणि नव्या वर्गात तेच बोलली. पत्रात तिने लिहिले होते, ‘मला बघून सगळे बें बें करतात. आजोबा, ते खरं आहे ना?’

आपण अर्धेच सांगितले, आता चुकीचा शब्द जायला नको, म्हणून मुकुंदराव अफझलगंजच्या ग्रंथालयात जाऊन पुस्तके चाळत, घरी येऊन लिहीत आणि फाडून टाकत.

काल सकाळी मालतीबाई चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, “प्रियाचा फोन होता. ईशा हल्ली वर्गात हातच वर करत नाही म्हणे.”

मुकुंदरावांनी चहा तसाच ठेवला आणि एका बैठकीत लिहिले: ‘शेळीचा देवमासा झाला नाही. पण फार मागे गेलो तर दोघांचे पूर्वज एकच. देवमाशाचा आजचा सगळ्यात जवळचा नातलग पाणघोडा. तू खरे बोललीस, बाळ. अपुरे मी सांगितले.’ मग आम्हा दोघांना कापसात ठेवून डबी बांधली.

आबिड्सच्या टपाल कचेरीत कारकुनाने डबी हलवून पाहिली. “अंदर क्या है, चाचा?”

“हड्डी है. बकरे की,” मुकुंदराव म्हणाले. एरवी ते एवढ्यावर खाली मान घालून निघाले असते. काल त्यांनी मागच्या रांगेला ऐकू जाईल असे सगळे समजावले, अगदी पाणघोड्यापर्यंत. कारकून म्हणाला, “हौला बनारे क्या चाचा,” म्हणजे मला वेड्यात काढता का, पण हसत हसत डबी जपून ठेवली.

तर ईशाच्या वर्गातल्या मित्रांनो, मी तुमच्याकडेच निघालो आहे. मला हातात घ्या, खाचेवरून अंगठा फिरवा, मग शेजाऱ्याच्या खाचेवरून फिरवा. पण आधी ईशाला बोलू द्या. मला खाली पाडू नका आणि तिलाही नको.

काल डबीवर शिक्का बसला. मुकुंदराव काउंटरपाशी थोडा वेळ उभे होते. मग त्यांची पावले दूर गेली.