आईची तिथी

आईचं वर्षश्राद्ध कधी येतं, हे भिंतीवरच्या कॅलेंडरातून दोन मिनिटांत कळलं असतं. पण बाबा अडून बसले. "तिच्या प्रोग्रॅमनं सांगू दे," म्हणाले आणि नागपूरहून थेट माझ्या बंगळुरातल्या, बेळ्ळंदूरच्या फ्लॅटवर येऊन थडकले.

आई गणिताची शिक्षिका. निवृत्त झाल्यावर पायथन ही कॉम्प्युटरची भाषा शिकली आणि घरातल्यांचे तिथीने येणारे वाढदिवस नि श्राद्धं काढणारा एक प्रोग्रॅम लिहिला. आजारपणात तो माझ्या लॅपटॉपवर ठेवायला दिला. तो लॅपटॉप गेल्या महिन्यात बंद पडला. फायली शाबूत राहिल्या, पण नव्या कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम चालेना. त्याला आईच्या वेळचं जुनं पायथन हवं होतं.

एकाच मशीनवर जुनं-नवं पायथन शेजारी ठेवून हवं ते वापरू देणारं साधन असतं, व्हर्जन मॅनेजर. तो टाकला, जुनं पायथन उतरवलं, तेच वापर असं सांगणाऱ्या ओळी सेटिंगच्या फायलीत लिहिल्या. तरी कॉम्प्युटर आपला नवंच पुढे करी. सगळं पुसून पुन्हा टाकलं. पालथ्या घड्यावर पाणी. बारा वर्षं मी ह्याच धंद्यात आहे, आणि मागे खुर्ची टाकून बाबा बसलेले.

"काहून नाही चालून राहिलं, अवधूत?"

"तुम्ही दर पाच मिनिटांनी विचारल्यानं चालणार आहे का, बाबा?" मी खेकसलो. ते उठून गॅलरीत गेले. मला स्वतःची लाज वाटली, पण हाक मारली नाही.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या महांतेशला बोलावलं. तो बेळगावकडच्या चिक्कोडीचा, माझ्याच ऑफिसात. दोन फायली उघडून हसला.

"ओळी बरोबर लिवलाय की. पण जुन्या मशीनच्या सवयीनं चुकीच्या फायलीत लिवलाय. ह्ये मशीन ती फाईल वाचतच न्हाई. स्वल्प थांबा, काका."

त्यानं ओळी योग्य फायलीत हलवल्या, पडद्यावरची खिडकी बंद करून पुन्हा उघडली. जुनं पायथन आलं. "सरी, झालं," म्हणाला आणि चहाला न थांबता गेला.

ही चूक नको, म्हणून मी दरवर्षी नव्या पोरांना बजावतो. मला ती दिसली नाही, कारण मला ती बघायचीच नव्हती. प्रोग्रॅम चालला की आईचं नाव श्राद्धाच्या यादीत माझ्या हातानं लिहावं लागणार होतं.

यादी उघडली. नाव, गेल्याची तारीख, आणि नैवेद्याला करायचा आवडीचा पदार्थ. आजोबांपुढे पुरणपोळी. आत्यापुढे पाटवडी रस्सा. आणि सगळ्यांत खाली एक ओळ आईनं स्वतःच लिहून ठेवलेली होती. नीलिमा. तारखेची जागा रिकामी.

मी कीबोर्ड बाबांकडे सरकवला. त्यांनी एका बोटानं, चष्मा वर करत, तारीख भरली. प्रोग्रॅमनं तिथी काढून दिली, कार्तिक वद्य षष्ठी. आठच दिवस राहिले होते.

"आणि पदार्थ काय लिहिला आहे? वाच."

मला वाचवेना. त्यांनीच पुढे वाकून वाचलं.

'ह्यांना करता येईल ते.'

उभ्या जन्मात बाबांनी गॅस पेटवला नव्हता. ताट पुढ्यात यायचं, ते जेवायचे, आणि भाजीत मीठ कमी असलं तर तेवढं सांगायचे.

"शिकायला आठ दिवस आहेत," मी म्हणालो. "साधं काहीतरी करू. चहा चालेल. तिला चहा आवडायचा."

ते स्वयंपाकघरात गेले. डबे उघडल्याचे आवाज आले. मी दारात जाऊन उभा राहिलो. त्यांच्या हातात चमचा होता.

"ती साखर किती घ्यायची रे?" त्यांनी विचारलं.

मलाही माहीत नव्हतं.