उजवा कान

प्रश्न पडला की मला गप्प बसवत नाही. लहानपणी घड्याळ उघडून बसलो होतो, ते अजून बंद आहे. आता जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस आहे आणि तिथे प्रश्नांना तोटा नाही.

आमच्याकडे भटक्या मांजरींची नसबंदी होते. मांजर पिंजऱ्यात धरून आणायची, डॉक्टरबाई ऑपरेशन करणार, आणि ती गुंगीत असतानाच तिच्या डाव्या कानाचं टोक नखाएवढं कापणार. पुन्हा कोणी तिला उगाच धरून आणू नये म्हणून ही खूण. जखम भरली की मांजर जिथली तिथे सोडायची.

तळ्याकाठच्या मांजरी धरून आणायची ती माझी सख्खी मावशी, आईची धाकटी बहीण. मांजर ही वाघाची मावशी, आणि मांजरांची मावशी ही आमची. सहा वर्षं खपून तिने चौदा मांजरी आमच्या टेबलावरून नेल्या. दोन वर्षांत तळ्यावर मांजरीचं एकही पिल्लू जन्मलं नव्हतं, आणि हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगायची.

यंदा टिटव्यांनी तळ्याच्या खडीत अंडी घातली. चार पिल्लं निघाली. तिसऱ्या दिवशी एकही उरलं नाही.

तळ्यावरचे पक्षी मोजणारी एक बाई आहे, आम्ही तिला पक्षीवाली म्हणतो. दुसऱ्या जोडीची पिल्लं निघाली तेव्हा तिने खडीजवळच्या खांबाला कॅमेरा बांधला. चौथ्या दिवशी फोटो घेऊन ती दवाखान्यात आली. पहाटे पाच चाळीसचा, काळा-पांढरा फोटो. मांजर, तोंडात पिल्लू, आणि एका कानाचं टोक कापलेलं.

"कान बघा," पक्षीवाली म्हणाली. "तुमचीच आहे. आता एकच पिल्लू राहिलंय. सोमवारी तळ्याचे साहेब चौदाच्या चौदा उचलून गावाबाहेरच्या शेडमध्ये टाकणार आहेत. मला आनंद नाही होत हो, पण मी काय करू?"

मावशीने चष्मा लावला, फोटो बघितला आणि परत दिला. एक शब्द बोलली नाही. बसमधल्या खिडकीसाठी कंडक्टरशी भांडणारी माझी मावशी! मला तर ती आजारी आहे की काय असं वाटलं.

मी मात्र सुरू झालो. "पण मावशीच्या ताटलीत रोज पोटभर खाणारी मांजर शिकार कशाला करेल?"

"भूक वेगळी आणि शिकार वेगळी," डॉक्टरबाई हात पुसत म्हणाल्या. "पोट भरलेलं असलं तरी समोर काही हललं की ती झेपावणारच. बंद करायला ते काय बटण आहे?"

हे ऐकून मला फारच गंमत वाटली. मी फोटो मागून घेतला आणि भिंग लावून बसलो. चौदातली कुठली? शेपटी जाड, म्हणजे बारीक शेपटीची लंगडी नव्हे. अंगावर पट्टे, म्हणजे काळा बोकाही नव्हे. मिशा, पंजे, सगळं बघून झालं. मग कानाकडे आलो.

कापलेला कान उजवा होता.

आमच्या टेबलावर मांजरीचं डोकं नेहमी खिडकीकडे ठेवतात. तसं ठेवलं की डॉक्टरबाईंच्या हाताशी डावा कान येतो आणि त्या न बघता कापतात. कामाच्या पहिल्याच दिवशी मी डोकं दाराकडे ठेवलं होतं. बाईंनी हाताशी आला तो कान कापला. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं, की ती मांजर मी घरीच घेऊन आलो. तीच आमची लाडोबा. उजवा कान कापलेली अख्ख्या गावात एकटी तीच.

घरी आलो तेव्हा लाडोबा माझ्या इस्त्रीच्या शर्टावर झोपली होती. स्वयंपाकघराची खिडकी मी रोज तिच्यासाठी उघडी ठेवतो. ती कुठे जाते हा प्रश्न मला, मला, चार वर्षांत एकदाही पडला नव्हता. तिचे पंजे उलटून बघितले. बोटांच्या बेचक्यात तळ्याचा करडा चिखल वाळला होता.

खरं सांगतो, फोटो फाडावासा वाटला. कोणाला कळणार होतं? दुसऱ्यांना सगळे कान सारखेच. मग डोळ्यांपुढे मावशी आली, फोटो परत देताना खाली घातलेली तिची मान दिसली. खिडकी लावून घेतली आणि तसाच पक्षीवालीकडे गेलो.

तिने सगळं ऐकलं. मग तिने साहेबांना फोन लावला. सोमवारची गाडी रद्द झाली. पण तिने मावशीलाही सोडलं नाही. "तुमच्याही काही साधू नाहीत. खाण्याच्या ताटल्या तळ्यापासून लांब न्या." मावशीने त्याच संध्याकाळी ताटल्या उचलून दवाखान्यामागे आणल्या, आणि तिच्यामागून तिची सगळी वरातही आली.

ताटल्या मांडताना मी तिला म्हणालो, "मावशी, चुकलं गं माझं."

"मला फोटो हातात आल्याबरोबर कळलं होतं," ती म्हणाली. "लाडोबाचा कान मी ओळखणार नाही होय?"

"मग बोलली का नाहीस? तुझ्या चौदा गेल्या असत्या!"

"रविवारपर्यंत थांबणार होते. तुला जगाला प्रश्न विचारायची खोड. म्हटलं, एकदा स्वतःला विचारतोस का बघू." ती ताटली पुसत होती, माझ्याकडे बघत नव्हती. "नसता विचारलास तर मग कान तुझाच धरला असता."

उरलेलं पिल्लू आता उडतं. लाडोबा पहाटे बंद खिडकीशी बसून ओरडते आणि मी तिच्याशेजारी बसतो. बाहेर टिटवी ओरडली की दोघंही कान टवकारतो.