येत्या शिमग्याला

जयप्रकाशने स्लॉथसाठी चाळीस मिनिटं ठेवली आणि तो रकाना हिरवा केला.

"चाळीस मिनिटांत दिसेल तो?" हेमाने विचारलं. ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला वालाच्या शेंगा सोलत बसली होती.

"झाडाला लटकलेला असतो, हलत नाही गं. एकदा सापडला की सापडला."

"आणि नाही सापडला तर?"

"पुढे बफर आहे, राखीव वेळ." त्याने लॅपटॉप तिच्याकडे वळवून बफर दाखवला.

आखातातल्या सित्राच्या कारखान्यात तो शटडाऊनचं प्लॅनिंग करायचा. प्लांट वीस दिवस बंद, त्या वीस दिवसांत कुठला पंप कुणी उघडायचा आणि कधी लावायचा याचे लांबलचक तक्ते. सव्वीस वर्षं हेच केलेला माणूस सुट्टीही तशीच काढणार, त्याला इलाज नाही. कोस्टा रिकाच्या तेरा दिवसांच्या त्याने एकशे बारा ओळी केल्या होत्या. ज्वालामुखी सकाळी, कारण दुपारी त्यावर ढग बसतात. मुलगी अमेरिकेत शिकत असताना काढलेला तिथला व्हिसा दोघांच्या पासपोर्टवर अजून चालू होता, त्यावर कोस्टा रिकात प्रवेश मिळत होता. ती ओळ त्याने दोनदा तपासून जाड अक्षरांत केली होती. आणि महिना मार्च, कारण डिसेंबर ते एप्रिल तिथे पाऊस नसतो, रस्ते कोरडे असतात आणि काही झाडांची पानं गळून गेलेली असल्यामुळे माकडं लांबून दिसतात.

मार्चला आणखी एक कारण होतं, ते तक्त्यात नव्हतं. ऑफिसच्या लीव्ह चार्टवर मार्चचे पंधरा दिवस कायमचे जयप्रकाशचे. नवा माणूस आला की त्याला आधी हे सांगितलं जाई. ती शिमग्याची रजा. संगमेश्वराकडच्या त्यांच्या गावात ग्रामदेवी नवलाईची पालखी घरोघर येते, आणि थोरल्या मुलाने दारात उभं राहून तिला खांदा द्यायचा असतो. सात वर्षांपूर्वी धाकट्या भावाने, विवेकने, न विचारता मागीलदारचा फणस तोडला आणि तिथे बाथरूम बांधलं. जयप्रकाश म्हणाला, "या घरात मी परत पाणी पिणार नाही." शब्दाचा पक्का माणूस, त्यामुळे सगळ्यांचंच वाटोळं झालं. भाऊ बोलेनासे झाले. पण लीव्ह चार्टवरचं नाव काही त्याने खोडलं नाही. दर वर्षी रजा घ्यायची आणि इथेच सनाबिसच्या फ्लॅटमध्ये बसून नळांचे वायसर बदलायचे.

मागच्या मार्चमध्ये हेमाचं डोकं फिरलं.

"तुम्ही बसा नळ दुरुस्त करत," ती म्हणाली. "मी कुठेतरी जाते."

"कुठे?"

"जिथे आपलं कुणीही नाही अशा ठिकाणी."

हे ती रागाने बोलली होती, पण खरं बोलली होती. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली. एकोणतीस वर्षांत विमानातून उतरल्यावर पलीकडे कुणी नातेवाईक उभा नाही असं एकदाही झालं नव्हतं. रजा म्हणजे गाव आणि गाव म्हणजे चूल. पालखीच्या दिवशी तीस माणसांच्या भाकऱ्या, वर पुरणपोळी, आणि संध्याकाळी कुणीतरी विचारणारच, 'काय वहिनी, आखातात आराम असेल ना?' मुलीकडे गेली तर तिथेही तिने पंधरा दिवस डबे भरून फ्रीज लावला. तिला एकदा, एकदाच, सकाळी उठून दुसऱ्या कुणी केलेली कॉफी प्यायची होती आणि दिवसभर झाडाकडे बघत बसायचं होतं.

जयप्रकाशने तिचं म्हणणं स्पेसिफिकेशन म्हणून घेतलं. नातेवाईक नाहीत, मित्र नाहीत, गाववाला नाही. असा देश शोधायला त्याला महिना लागला.

गुदैबियातल्या ट्रॅव्हल ऑफिसमध्ये आतिका नावाची बाई होती. तिने दोन सीट शनिवारी दुपारी चारपर्यंत धरून ठेवल्या. आणि गुरुवारी संध्याकाळी विवेकचा फोन आला.

हेमा आत कपड्यांच्या घड्या घालत होती. बाहेर आधी नुसतंच "हं" आणि "हो" ऐकू आलं. मग जयप्रकाश हसला. सात वर्षांत त्याला असं हसताना तिने ऐकलं नव्हतं. हातातला टॉवेल तसाच धरून ती दाराशी आली.

"दादा, यंदा शिमग्याला या म्हणाला," फोन ठेवून तो म्हणाला. त्याचे डोळे ओले होते आणि ते त्याने पुसलेही नाहीत. "फणसाचं एक रोप लावलंय म्हणे त्याने. तीन वर्षं झाली. मला सांगायला तीन वर्षं लागली गाढवाला."

"मग? काय म्हणालात?"

"म्हटलं, पुढच्या वर्षी नक्की. यंदा हेमाची ट्रिप आहे." त्याने लॅपटॉप उघडला. "खूप हसला. म्हणाला, दादा, कोस्टा रिका म्हणजे नक्की कुठं आलं?"

हेमा परत आत गेली आणि घड्या घातलेला टॉवेल उलगडून पुन्हा घडी घालू लागली.

नवऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा गावापेक्षा तिला वर धरलं होतं. आणि त्याच दिवशी तिला घाम फुटला होता. कारण तिने नवस केला होता. फणसाच्या भांडणानंतर पहिल्याच शिमग्याला, ह्याच फ्लॅटमध्ये, तो नळाखाली डोकं घालून बसला असताना, तिने कॅलेंडरशेजारच्या नवलाईच्या फोटोसमोर हात जोडले होते. 'आई, या दोघांना बोलतं कर. बोलले की येत्या शिमग्याला माझ्या हाताने तुझी ओटी भरीन.'

कुणाला सांगितलं नव्हतं. सात वर्षं देवी गप्प होती. आणि आता ऐकलंन! हेमाला तिचा रागच आला. एवढी थांबली होतीस, आणखी दोन महिने थांबली असतीस तर काय बिघडलं असतं?

जयप्रकाशला सांगितलं असतं तर त्याने एका मिनिटात सगळं रद्द केलं असतं. मनातून खूशही झाला असता. तेच तिला नको होतं. आणि न सांगता गेलं, नवस तसाच राहिला आणि भाऊ पुन्हा बोलेनासे झाले, तर? देवाला बोललात ते फेडा, एवढं तिला आईने शिकवलं होतं. न फेडलं तर काय होतं ते आईने कधी सांगितलं नाही, त्यामुळे भीती जास्त वाटायची. शुक्रवार तिने तसाच काढला. कुकरला शिट्टी लावायची विसरली, आमटीत दोनदा मीठ घातलं.

शनिवारी जयप्रकाश गाडी सर्व्हिसिंगला घेऊन गेला. एक वाजता आतिकाचा मेसेज आला, "मॅडम, सीट चार बजे तक होल्ड है. कन्फर्म करूँ?"

हेमाने मेसेज वाचला आणि शुभदाला फोन लावला. शुभदा म्हणजे विवेकची बायको. भांडण नवऱ्यांचं, पण दोघी जावांनीही सात वर्षं दिवाळीच्या मेसेजपलीकडे काही केलं नव्हतं. तिकडे शिवणयंत्राचा आवाज चालू होता तो थांबला.

"वहिनी? सगळं बरं आहे ना?"

"बरं आहे. एक विचारायचंय. भावोजींना सांगू नकोस."

हेमाने सगळं सांगितलं. नवस, तारीख, तिकिटं, चार वाजेपर्यंतची मुदत.

"येत्या शिमग्याला, असंच म्हणालात?" शुभदाने विचारलं.

"हो."

"अहो वहिनी, कधीतरी म्हणायचं! देवाशी बोलताना तारीख देतात का कुणी?"

"चुकलं गं."

"आणि तुम्हाला जायचंय का तिकडं? मनापासून?"

हेमाने डोळे मिटले. "खूप जायचंय," ती म्हणाली.

"थांबा मग. कौल लावू या. देवीलाच विचारू, पुढच्या वर्षी चालेल का म्हणून. मी देवळात जाते, गुरवांना कळ्या लावायला सांगते. आले की फोन करते."

कौल म्हणजे देवीच्या मूर्तीला दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नाही. हेमाने घड्याळ बघितलं. एक वीस. घरापासून देऊळ म्हणजे मळे ओलांडायचे, पऱ्याचा ओढा उतरायचा, पलीकडे चढण. ओटीचं ताट घेऊन ती कितीदा तरी गेली होती. घाई केली तरी पाऊण तास लागतोच. जाऊन येऊन दीड तास, वर कळी पडायला लागेल तो वेळ. तीनच्या आत काही कळणार नाही. तिने भात लावायला घेतला.

एक चौतीसला फोन वाजला.

"वहिनी, उजवा दिला!"

हेमाच्या हातात तांदळाचं भांडं होतं. शुभदाला जराही धाप लागलेली नव्हती.

"गुरव होते देवळात?" हेमाने विचारलं.

"होते की."

"लगेच पडली कळी?"

"ठेवायचा अवकाश, पडली. तिलाही कंटाळा आला असेल आपल्या दोघींच्या नवऱ्यांचा." शुभदा भराभर बोलत होती. "ओटी यंदा मी भरते, तुमचं नाव घेऊन. पुढच्या वर्षी तुम्ही या आणि हाताने भरा. दोष काही असला तर तो माझ्याकडं. आता काढा तिकिटं."

हेमाने भांडं ओट्यावर ठेवलं.

"शुभदा, तू..."

"देवीने आणखी पण एक सांगितलंय."

"काय?"

"पुढच्या वर्षी पालखी येईल तेव्हा चूल थोरलीने सांभाळायची. एकटीने. भाकऱ्या, पुरण, पाहुणे, सगळं. धाकटी घरात नसेल."

"कुठे असेल धाकटी?"

"ते नाही सांगितलं." शुभदाचा आवाज उतरला. "चिपळूणच्या पलीकडं गेलेच नाही वहिनी मी कधी. कुठंतरी लांब. ठरवायला वर्ष आहे ना."

हेमाने पदराने डोळे पुसले. मोबाइल कानाला लावलेला असतानाच तिने जयप्रकाशचा लॅपटॉप पुढ्यात ओढला, तो उघडून एक नवा, कोरा तक्ता काढला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"धाकटीचा पासपोर्ट आहे का?"

"कुठला!"

"मग सोमवारी अर्ज कर," हेमा म्हणाली.